लघवीच्या घाईसाठी घोट्यावरचं टेन्स मशीन कोकणातल्या घरात कसं चालतं

घाई लागली की मोरीपर्यंत पोचायलाही धीर निघत नाही. दिवसाला बारा-चौदा खेपा होतात, रात्री दोन-तीनदा झोपमोड होते, आणि एसटीने जायचं म्हटलं की स्टँडवर संडास आहे का आणि तो उघडा असतो का, याचीच आधी चौकशी करावी लागते. या त्रासाला डॉक्टर ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. त्यावर सौम्य करंटचे उपचार चार तऱ्हांनी होतात. घोट्यापाशी पॅड चिकटवून, तिथेच बारीक सुई टोचून, योनीमार्गात प्रोब (करंट देणारी छोटी दांडी) ठेवून, किंवा कंबरेखाली यंत्र बसवून. इथे परीक्षण आहे ते पहिल्याचं, म्हणजे सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या दोन चॅनलच्या (म्हणजे पॅडच्या दोन जोड्यांच्या) टेन्स मशीनचं. टेन्स म्हणजे कातडीवरून नसेला सौम्य करंट देणारं यंत्र.

आमचं मत आधीच सांगतो. जिला दर आठवड्याला तालुक्याच्या गावी खेप घालणं जमत नाही, औषधाने जिचं तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही, तिने पुढच्या मोठ्या उपायांकडे वळण्याआधी या मशीनला नीट बारा आठवडे द्यावेत. ‘नीट’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. हा उपचार फसतो तेव्हा दोष बहुधा चुकीच्या सेटिंगचा, तेलकट पायाचा, सादळलेल्या पॅडचा किंवा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मशीन माळ्यावर गेल्याचा असतो.

मशीन घेण्याआधी आपला त्रास नेमका कुठला ते ठरवायला हवं. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेताना लघवी सुटत असेल, तर तो दाबाचा त्रास आहे. त्याला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम लागतात, घोट्यावरचा करंट तिथे कामाचा नाही. दोन्ही त्रास एकत्र असतील तर यातून घाईचा भाग तेवढा कमी होईल. आणखी एक गोंधळ शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘पिशवी’ म्हटलं की गर्भाशय समजतात, ‘पिशवी काढली’ म्हणतात ते त्याच अर्थाने. त्यामुळे ‘पिशवीसाठी मशीन’ असं सांगितलं की ऐकणारी बाई भलताच अर्थ घेते. समजावून सांगताना दर वेळी ‘लघवीची पिशवी’ असंच म्हणा.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते पाहणारी सोनोग्राफी, एवढं मशीनच्या आधी झालेलं असावं. जंतुसंसर्ग आणि मधुमेह या दोन्हींतही खेपा वाढतात. त्यांच्यावर करंट देत बसलात तर आठवडे फुकट जातात आणि मूळ दुखणं वाढतं. लघवीतून रक्त, ताप, लघवी अडकणं, अंग बाहेर येणं किंवा पाय बधिर होणं यातलं काहीही असेल तर दुकान नंतर, डॉक्टर आधी. पेसमेकर असलेल्या आणि गरोदर बायकांनी हे मशीन वापरायचं नाही. मधुमेहाने तळपायाची जाणीव गेली असेल तर करंट किती लागतोय ते कळणार नाही आणि कातडी भाजू शकते, म्हणून तिथेही स्वतःच्या मनाने नको. ज्या पायात रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आहे किंवा व्हेरिकोज व्हेन्सची जखम आहे, त्या पायाला पॅड लावायचा नाही.

लघवीच्या पिशवीचा उपचार पायाला कसा, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो रास्तच आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नावाची नस जाते. तिची मुळं कंबरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) तिसऱ्या मुळापर्यंत पसरलेली असतात, आणि लघवीच्या पिशवीचा कारभार सांभाळणारी मुळं त्याच भागातली, त्रिकास्थीची दुसरी ते चौथी. घोट्यावरून वर जाणारा संदेश तिथे पोचला की पिशवीच्या स्नायूला अवेळी आकसण्याची जी हुक्की येते ती दबते. घोट्यावरून करंट देण्याचा प्रयोग युरोलॉजिस्ट मॅग्वायर यांनी १९८३ मध्ये मांडला. सुईच्या पद्धतीचं पहिलं यंत्र अमेरिकेत २००० साली मंजूर झालं.

पुरावा किती भक्कम आहे तेही लपवत नाही. २०१० च्या अमेरिकी चाचणीत २२० जणांना बारा आठवडे खरी किंवा खोटी (नुसतीच भासवलेली, उपचार नसलेली) सुई दिली गेली. ठळक सुधारणा खऱ्या सुईच्या गटात ५४.५ टक्क्यांना आणि खोट्या गटात २०.९ टक्क्यांना वाटली. त्याआधी २००९ च्या चाचणीत शंभर जणांमध्ये सुईची तुलना टॉल्टेरोडिन या गोळीशी झाली. खेपा दोन्हीकडे जवळपास सारख्याच घटल्या, पण ‘बरं वाटतं’ म्हणणारे सुईच्या बाजूला जास्त निघाले, ७९.५ विरुद्ध ५४.८ टक्के. हे आकडे सुईचे आहेत. पॅडवरच्या चाचण्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. शरीरात काही न बसवता दिल्या जाणाऱ्या करंटच्या सगळ्या पद्धतींचा कॉक्रेनचा (उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) २०१६ चा आढावा अनुकूल आहे. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१९ मध्ये मात्र घोट्यावरच्या पॅडची शिफारस करू नका असं स्पष्ट म्हटलं, आणि सुईसुद्धा औषधं हरल्यावर, तज्ज्ञांच्या गटाने पाहिल्यावरच द्यावी असं सांगितलं. हे सगळं माहीत असूनही आम्ही पॅडच्या बाजूने का? कारण सुईसाठी बारा आठवडे बारा खेपा घालाव्या लागतात. राजापूरच्या आतल्या वाडीतल्या बाईला ते शक्य नसेल तर तिच्यासाठी सुईचा पुरावा कागदावरच राहतो. पॅडला इजा जवळपास नाही, मोठा खर्च एकदाचाच आहे, आणि गुण आला नाही तर बारा आठवड्यांत कळतं.

आता मशीनविषयी. दोन चॅनलचं साधं डिजिटल टेन्स साधारण दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतं. त्यात चार गोष्टी आपल्या हाताने बदलता आल्या पाहिजेत. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती ठोके, १० हर्ट्झवर ठेवता यावी (२० चालते), पल्सची रुंदी, म्हणजे एक ठोका किती वेळ टिकतो, २०० मायक्रोसेकंद, मोड ‘नॉर्मल’ म्हणजे सलग, आणि टायमर ३० मिनिटं. ‘बर्स्ट’ आणि ‘मॉड्युलेशन’ हे मोड दुखण्यासाठी ठीक, इथे ते बंद ठेवायचे. फुलपाखराच्या आकाराचे, ‘मसाज, टॅपिंग, कपिंग’ असे कार्यक्रम असलेले स्वस्त मसाजर घेऊ नका. त्यात आत काय चाललंय ते दिसत नाही. दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं तर पॅड हाताला कोपराखालच्या मांसल भागावर लावून चालू करायला सांगा. १० हर्ट्झला बारीक फडफड जाणवते, एकेक ठोका जवळजवळ वेगळा कळतो. एकसंध झिणझिण होत असेल तर फ्रिक्वेन्सी ८०-१०० च्या घरात आहे. दुकानदार बहुतेक वेळा बोटं उडवून दाखवतो आणि ‘बघा किती पॉवर आहे’ म्हणतो. पॉवर आपल्याला नको आहे.

करंट वाढवायला फिरवायचं बटण असलेलं मशीन टाळा, दाबायची बटणं असलेलं घ्या. खाऱ्या हवेने फिरत्या बटणाचा आतला संपर्क खराब होतो, आणि मग बटण जरासं फिरवलं की करंट एकदम उडी मारतो. एकदा असा झटका बसला की ती बाई पुन्हा मशीनला हात लावत नाही, आणि तिला दोष देता येत नाही. दाबायच्या बटणाने करंट एकेक पायरीने चढतो. भिंतीच्या प्लगवर चालणारी मोठी मशीन दवाखान्यातच ठीक. जुलैत वीज जाते, येते, व्होल्टेज खालीवर होतं, आणि तेवढ्यासाठी देवगडहून आलेल्या बाईची खेप वाया जाते. घरासाठी सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारंच हवं, आणि चार्जिंगला लावलेलं असताना ते पायाला लावायचं नाही.

पॅड लावणं हा या उपचाराचा जीव आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पाटावर किंवा स्टुलावर पाय सरळ ठेवून, पाठीला टेकण घेऊन बसावं. घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत पाय साबणाने धुऊन कोरडा करा. कोकणात पायाला खोबरेल लावायची सवय घरोघरी आहे, आणि तेलाच्या पातळ थरावर पॅड चिकटल्यासारखा वाटतो पण करंट ठिपक्याठिपक्यांतून जातो आणि चटके बसतात. पैंजण काढायचे, ते थेट करंटच्या वाटेत येतात. जोडवी त्या वाटेच्या बाहेर असतात, ती काढायची गरज नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ‘जोडवी काढायला लागतात’ एवढ्या गैरसमजावरून सासूबाई नाही म्हणतात.

घोट्याचं आतल्या बाजूचं हाड आणि टाचेमागची जाड शीर यांच्या मधल्या खोलगट जागेत दोन बोटं टेकवा. नाडी लागते. नस तिच्या शेजारूनच जाते. काळ्या वायरीचा पॅड इथे. लाल वायरीचा पॅड तिथून अर्धी वीत, म्हणजे दहा सेंटिमीटर वर, नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला लागून जरा मागे. सडपातळ पायाला पाच सेंटिमीटरचा चौकोनी पॅड खालच्या खोलगट जागेत बसत नाही, त्याचे कोपरे उचलले जातात. तिथे लहान गोल पॅड घ्या आणि लहान पॅडला करंट आणखी हळू चढवा. एकच पाय, एकच चॅनल पुरतं, डावा-उजवा कुठलाही.

करंट शून्यापासून एकेक पायरी वाढवायचा. आधी पॅडखाली मुंग्या येतात, मग त्या तळपायात उतरतात, मग अंगठा खाली वाकायला लागतो किंवा बोटं फाकतात. अंगठा हलला की जागा बरोबर आहे. आता एक-दोन पायऱ्या मागे या, इतकं की हालचाल थांबेल पण तळपायातल्या मुंग्या राहतील. काहींचा अंगठा हलतच नाही, तेव्हा तळपायात उतरणाऱ्या मुंग्यांवर भरवसा ठेवा. पोटरी उडत असेल तर पॅड मागे गेलाय, हाडाकडे सरकवा. नुसतंच कातडीवर टोचतंय आणि खाली काही उतरत नाही, तर पॅड वाळलाय किंवा पुरता टेकलेला नाही. आठ-दहा मिनिटांनी मुंग्या बोथट होतात, शरीर सरावतं, तेव्हा एक पायरी वाढवा. पडद्यावरचा आकडा रोज वेगळा येईल, कालच्या आकड्याशी स्पर्धा नको. आणि पॅड काढण्याआधी करंट शून्यावर आणा. चालू करंटमध्ये पॅड सोलला की शेवटच्या चिकटलेल्या कोपऱ्यावर सगळा करंट गोळा होतो.

चिकटणारे पॅड स्वच्छ कातडीवर वीस-तीस वेळा चालतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते इतके टिकत नाहीत. हवेतला ओलावा ओढून जेल बुळबुळीत होतं आणि कडेने सुटतं. प्लॅस्टिकच्या मूळ कागदावर परत लावून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. उलट मे महिन्यात पंख्याखाली राहिलेला पॅड वाळतो, त्याला बोटाने पाण्याचा एक थेंब पसरून पुरतो. ऐन पावसात आम्ही काळ्या कार्बन-रबरच्या पॅडला पसंती देतो. त्यावर जेलचा पातळ थर कडेपर्यंत सारखा पसरायचा आणि क्रेप बँडेजने सैलसर गुंडाळायचं. दिसायला जुनाट, पण भरपावसात तेच धरून राहतात. वायरीच्या टोकाच्या पिना खाऱ्या हवेने गंजतात. करंट मध्येच येतो-जातो असं झालं की मशीन बिघडलं म्हणण्याआधी पिन पाहा, कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर वायर बदला. ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली की पडदा उजळलेला राहतो पण पायात काही पोचत नाही, हेही दुकानदाराकडे परत नेण्याआधी तपासा. लावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात. त्या बोटांच्या बेचक्यात असल्या तर घोट्यावरच्या पॅडला अडचण नाही, पण घोट्यावर ओरखडा किंवा जखम असेल तर पाय बदला. एकीचे पॅड दुसरीने वापरू नयेत, मायलेकींनीसुद्धा.

रोज अर्धा तास, बारा आठवडे. रोज जमलं नाही तर आठवड्यातून तीनदा तरी. एका मालिकेइतका वेळ आहे, पण मध्ये उठून भाकरी उलटायला जायचं नाही आणि मशीन लावून झोपायचंही नाही. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच वाटत नाही, हे आधीच माहीत असू द्या. फरक बहुतेकींना चौथ्या ते आठव्या आठवड्यात जाणवू लागतो, आणि तो आधी खेपांच्या संख्येत दिसत नाही. घाई लागल्यावर मिळणारी मिनिटं आधी वाढतात. म्हणून वही लागतेच. सुरू करण्याआधी तीन दिवस, मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात तीन-तीन दिवस लिहायचं: वेळ, मापाच्या मगमध्ये किती मिलिलिटर, घाई किती, गळाली का. एका वेळी शंभर मिलिलिटरच्या आत होणारी लघवी दोनशेकडे सरकली, तर रात्रीची खेप तीच असली तरी उपचार लागू पडतोय. वही नसली की ‘काय फरक नाय’ म्हणून चौथ्या आठवड्यात सोडलं जातं. गणपतीचे दिवस मध्ये येणार असतील तर सुरुवात त्यानंतर करा. घरात पाहुणे असताना पाय पसरून अर्धा तास कुणालाच मिळत नाही.

मशीनच्या जोडीला सवयीही बदलाव्या लागतात. चहा दोन कपांवर आणा. बाजाराला किंवा काजू कारखान्यात जायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हा उलटा उपाय आहे. दाट लघवी पिशवीला जास्त डिवचते आणि पोटही साफ होत नाही. घाई लागली की धावायचं नाही. थांबा, बसा किंवा भिंतीला टेका, लघवी रोखताना आवळतो तसे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरली की शांतपणे चालत जा. दोन खेपांतलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, करंट आणि गोळी बरोबर चालतात.

योनीमार्गातला प्रोब हा आमचा दुसरा पर्याय. ज्यांना ओटीपोटाचे स्नायू आवळताच येत नाहीत त्यांना त्याचा खास उपयोग. मांडणी बरीचशी तशीच, १० हर्ट्झ, वीस मिनिटं, धातूच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतील असा ठेवायचा. स्नायूंच्या ताकदीसाठी वापरला तर ३५ ते ५० हर्ट्झ लागतात, म्हणून दाबाच्या त्रासासाठी लावलेली सेटिंग तशीच ठेवून चालत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे खोबरेल लावून प्रोब घालणं. तेल करंट अडवतं, पाण्याचं जेलच हवं. प्रोब एकीचाच, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवलेला. पाळीत, स्रावाला वास किंवा खाज असताना, बाळंतपण वा शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे वापरायचा नाही. पाळी गेलेल्या बायकांना कोरडेपणामुळे प्रोब झोंबतो. डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम त्यावर चालतं आणि घाईलाही मदत करतं. एवढं असूनही दुसरा क्रमांक, कारण दोन खोल्यांच्या घरात दार लावून वीस मिनिटं मिळणं सोपं नाही. घोट्यावरचं मशीन ओटीवर बसून, साडी जरा वर घेऊन चालतं.

सुईचा उपचार शहराजवळ राहणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावा. ३४ गेजची, केसासारखी सुई घोट्याच्या हाडाच्या तीन बोटं वर टोचतात, आठवड्याला अर्धा तास, बारा वेळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. जाण्यापूर्वी फोन करून ‘टिबियल नसेची सुई’ देतात का ते नेमकं विचारा, नाहीतर तिथे पोचल्यावर कंबरेला शेक देऊन परत पाठवतात. रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची चौकशी करता येईल. पॅड कुठे लावायचा हे एकदा जाणत्या माणसाच्या हाताने पेनने खूण करून घेतलं तर घरचं अर्धं काम झालं. कंबरेखाली बसवायचं यंत्र, तिसऱ्या त्रिक मुळाजवळ तार घालून, आधी तात्पुरतं लावून पाहून मग कायमचं, हे मोठ्या शहरातल्या युरोलॉजिस्टचं काम आहे आणि खर्चही लाखांत जातो. बाकी सगळं करून झाल्यावरच तिकडे वळावं.

बाराव्या आठवड्यानंतर वही चांगली दिसत असेल तर मशीन एकदम बंद करू नका. आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी असं लांबवा. सुईच्या रुग्णांना सुधारणा टिकवायला साधारण महिन्याला एक खेप लागते, पॅडचंही तसंच धरून चाला. वही जागची हलली नसेल तर आणखी ओढत बसू नका, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि मशीन कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा. पावसाळ्यात आत राहिलेली सेल गळते, स्प्रिंग हिरवी पडते, आणि त्रासाने पुन्हा डोकं वर काढलं त्या दिवशी मशीन चालू होत नाही.